मेरापीचा गाईचोर

वार्तोनोने जावा बेटावरच्या मेरापी या ज्वालामुखी पर्वताच्या निरीक्षण चौकीत एकतीस वर्षे काढली. भूकंपमापकाची सुई दिवसभरात किती वेळा आणि कशी हलली ते वहीत लिहायचे, दुर्बिणीतून शिखर बघायचे आणि वोनोपेरिंग वाडीला वेळेवर सावध करायचे, एवढेच त्याचे काम. पहिल्या दोन गोष्टी त्याने कधी चुकवल्या नाहीत. तिसरीने मात्र त्याला मेटाकुटीला आणले. पर्वत एक वेळ सुधारेल, वाडी सुधारणार नाही, असे तो बायकोला सांगे.

वाडीत सर्वांत अवघड होती त्याची सख्खी थोरली बहीण तुगिनेम. तिच्या तीन गाई होत्या. ती जागची हलल्याशिवाय वाडीतले कोणी हलत नसे.

त्या ऑक्टोबरात सुईने उच्छाद मांडला. शिखर एका अंगाने फुगत चालले होते. चौथा, म्हणजे शेवटचा इशारा आला. डोंगरावरच्या प्रत्येक वाडीला खाली एक जोडगाव ठरवून दिलेले होते. वोनोपेरिंगच्या जोडगावाने ओसऱ्या झाडल्या, गुरांसाठी मांडव घातले, ट्रक पाठवले. पूल कच्चा, म्हणून ट्रक पुलापलीकडेच थांबले. वार्तोनोने वाडीच्या चौकात टांगलेला पोकळ लाकडी ठोकळा बडवायला घेतला. धोक्याचा ठोका, एकसारखा, न थांबता.

कोणी चुलीपासून उठलेसुद्धा नाही. सराव म्हणून हा ठोका दर तीन महिन्यांनी वाजे. शिवाय दोन वर्षांपूर्वी तो खरा वाजला, तेव्हा माणसे सतरा दिवस खाली राहून आली आणि पर्वत साधा शिंकलाही नाही.

खांदे भरून आल्यावर तो बहिणीच्या गोठ्यात गेला. ती बादलीत कोंडा आणि मीठ कालवत होती.

"म्बाक्यू," थोरल्या बहिणीला तो अशीच हाक मारी, "ऊठ. ट्रक खोळंबलेत."

"बस, चहा घे. किती हलली तुझी सुई?"

"सकाळपासून एकशे चाळीस वेळा."

"डोंगरातल्या म्हाताऱ्याने कूस बदलली तरी तू मोजतोस!"

वार्तोनोने कपाळाला हात लावला आणि आजवर शंभरदा सांगितलेले पुन्हा सांगायला घेतले. "अगं, दक्षिणेकडचा समुद्राचा तळ आपल्या जावाच्या पोटाखाली घुसतोय. खूप खोल गेला की तिथला खडक वितळतो. वितळलेला हलका, म्हणून वर चढतो. वाट काढताना वरचे खडक फोडतो, तेच हे हादरे. आता तो शिखरात येऊन साचलाय. ते ढासळलं की तापल्या राखेचा लोट मोटारीपेक्षा जोरात खाली येईल."

"समुद्र तिकडे घुसतोय, खडक तिकडे वितळतोय, आणि घर सोडायचं मी?"

"हो!"

"माझं गवत डोक्याच्या वर वाढतं, ते कुणामुळे? ह्याच राखेमुळे ना? देणारा म्हातारा कधीमधी खोकायचाच."

"खोकला नाही, भाजून निघशील तू!"

"मागच्या वेळी त्या मांडवात तिघींचं दूध आटलं, तोनो. ते कुठल्या वहीत लिहिलंस? मी नाही हलायची."

इतक्या वर्षांचा संयम त्या गोठ्यात संपला. त्याने लेगी नावाच्या थोरल्या गाईचा दोर सोडला आणि उताराला लागला. उरलेल्या दोघींना लेगीमागे जायची सवय. त्याही निघाल्या.

"तोनो! कुठे नेतोस? अरे मेल्या, दोर सोड!"

त्याने वळूनही पाहिले नाही. तुगिनेम विळा घेऊन धावली, पण गुडघ्यांनी दगा दिला. मग ती चौकात गेली आणि ठोकळ्यावर चोरीचा ठोका वाजवला. दोन-दोन, दोन-दोन.

हा ठोका सरावासाठी कोणी वाजवत नाही. क्षणात घरे रिकामी झाली. पुरुष, बायका, पाठीवर पोरे, हातात विळे आणि दांडकी.

"कुणाची गाय गेली?"

"माझी! तिन्ही!"

"कुणी नेली?"

"माझ्या भावाने!"

भावाने नेली तर ती चोरी होते का, हा विचार करायला कोणाला सवड नव्हती. अख्खी वाडी उतारावरून सुटली. पुढे सरकारी टोपी आणि तीन गाई, मागे त्रेचाळीस घरे. वार्तोनो धावता धावता संतापाने बडबडत होता, "दोन तास हात दुखेस्तोवर बडवलं, तेव्हा एकाला ऐकू आलं नाही! गाय म्हटल्यावर बहिऱ्यांनासुद्धा कान फुटले!"

पूल ओलांडल्यावर ट्रकांपाशी त्याला धरले. म्हाताऱ्या सास्त्रोने गचांडी पकडली.

"वार्तोनोसाहेब, सरकारी माणूस तुम्ही! लाज नाही वाटत?"

"नाही वाटत. आधी डोकी मोजा. सगळे आलेत का?"

तुगिनेम सर्वांत शेवटी, शिव्या देत, लंगडत पोचली. तिचा हात वर उठला होता. तेवढ्यात पायाखालची जमीन गुरगुरली, आणि शिखराचे एक अंग सुटून करडा लोट दरीत उतरताना सर्वांनी पाहिला. ट्रकमध्ये चढा, असे कोणाला सांगावे लागले नाही.

लोट कुरणापर्यंत आला. गवत जळले, राखेच्या भाराने गोठ्यांची छपरे बसली. पुढच्या पावसात तीच राख चिखल होऊन आली आणि पूल घेऊन गेली. माणूस एकही दगावला नाही. मांडवात तुगिनेम पहिले वाक्य बोलली ते असे: "बादली तिथेच राहिली. येताना उचलायला काय झालं होतं?"

सुई खरी होती, असे वाडीने कधीच कबूल केले नाही. मात्र नवा पूल होऊन वाडी वर परतली, त्यानंतर धोक्याचा ठोका पडला की लोक दारात येऊन विचारत, "लेगी निघाली का?" निघाली असेल तर भांडी बांधत, नसेल तर परत चुलीकडे वळत. म्हणून दर इशाऱ्याला वार्तोनो चरफडत गोठ्यात जाई आणि गाय पुलापर्यंत चालवत नेई. वहीत या कामाला रकाना नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी त्याने नव्या निरीक्षक बाईंच्या, कुस्तांतीच्या, ताब्यात वह्या, दुर्बीण आणि किल्ल्या दिल्या, सही घेतली आणि तिला बहिणीच्या गोठ्यात नेले.

तुगिनेमने एक तरुण गाय पुढे ओढली. "ही लेगीची लेक. डावीकडून जाऊ नकोस, लाथ मारते. आणि दोर सोडलास की थांबू नकोस, सरळ पुलाकडे पळ. मागून चोरीचा ठोका मी वाजवते."