सरांनी उपटलेला मूग

मंडळी, धुळ्याच्या सायबर कॅफेतून धुमसत लिहितेय.

संशोधनासाठी मी एका विषाणूत मुगाच्याच एका जनुकाचा तुकडा घालून तो मुगाच्या रोपांना टोचला होता. विषाणूशी लढताना रोप स्वतःचंही ते जनुक गप्प करतं आणि पानं पांढरी पडतात. "असलं काही होत नसतं," म्हणून आमचे मार्गदर्शक सर वर्षभर हसले.

आज सकाळी पानं पांढरी दिसली. कॅमेरा घेऊन परतले, तर कुंड्या रिकाम्या. रोपांना पाणी घालणाऱ्या अक्का म्हणाल्या, "सरनी बठ्ठं उपटी टाकं, ताई. रोग शे म्हणे." म्हणजे पांढरी पानं हा रोग ठरवून सरांनी सगळी रोपं उपटली होती.

भांडले नाही. कोपऱ्यातली पांढऱ्या पानांची एक कुंडी तेवढी वाचली होती. दुपारी प्रयोग बघायला पाहुणे आले, तेव्हा ती सरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "बाकीच्या रोपांचं काय झालं, ते सर सांगतील."

घाम पुसत ते सांगत राहिले. मी शेवटपर्यंत बसून ऐकलं. तुम्ही सोडलं असतं त्यांना?