योप आजोबांचा घोडा

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला आल्यावर शर्मिलाने जोडलेलं पहिलं माणूस म्हणजे शेजारचे योप आजोबा. नवरा हूफडॉर्पच्या ऑफिसला गेला की तिला घर खायला उठायचं. चारच्या सुमाराला आजोबा चहाला यायचे आणि साखरेऐवजी गुळाचा खडा मागायचे. तरुणपणी इंडोनेशियातल्या जावा बेटावर लागलेली सवय.

एकोणिसाव्या वर्षी ते आपणहून घोडदळात भरती झाले होते. बापाच्या शेतावर घोडे सांभाळलेले. वाटलं, घोडा मिळेल. जावात उतरल्यावर मिळाली चिलखती गाडी. "आणि तो देश तिथल्या लोकांचाच होता, हेही तिथे गेल्यावरच कळलं," ते म्हणायचे. मग टांगेवाल्याने सोडून दिलेलं एक लंगडं तट्टू छावणीत आलं. आजोबांनी त्याचं नाव ठेवलं ब्लेस. ब्लेसच्या गोष्टी शर्मिलाला पाठ झाल्या होत्या.

नव्वदाव्या वाढदिवसाला त्यांच्या मुलीने, आनेकेने, लष्कराकडून त्यांच्या नोकरीची नोंद मागवून फ्रेम करून आणली. गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकाला केकचा एकच तुकडा. शर्मिलाचे लाडू अजून डब्यातच होते. आनेके वाचू लागली, "स्वयंसेवक, घोडदळ. गाडीचालक. वर्तन चांगले."

"आणि ब्लेस?" पणती लोटेने विचारलं.

"घोडा नव्हताच गं! आजोबा आपले रंगवून सांगतात."

सगळे हसले. आजोबा खाली, केकच्या बशीकडे बघत राहिले.

शर्मिलाला राहवेना. ती घरी जाऊन गुळाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "घ्या, आजोबा."

त्यांनी हात पुढे केला. तळवा सपाट, अंगठा बोटांना चिकटवलेला.

"घोड्याला असंच देतात!" लोटे ओरडली. ती घोडेस्वारी शिकत होती.

"ते काय, शेतावरही शिकले असतील," आनेके म्हणाली.

"शेतावर गाजर द्यायचो," आजोबा हळूच म्हणाले. "आपल्याकडे गूळ कुठला?"

लोटे त्यांच्या गुडघ्याशी येऊन बसली. "मग ब्लेस कुठे गेला?"

"परत निघालो त्या दिवशी त्याला झाडाला बांधलं. म्हटलं, आलोच हं." ते हातातल्या खड्याकडे बघत होते. "त्याने मान वळवली होती."

आनेकेने फ्रेम मांडीवर पालथी घेतली, मागचा पुठ्ठा चाचपला आणि पर्समधून पेन काढलं.

"पप्पा, रंग कोणता होता त्याचा?"

"तांबूस," आजोबा म्हणाले. "आणि एक कान फाटका. तेही लिही."