पाचव्या मजल्याचे स्वच्छ फिल्टर

धुळीत काय बघायचंय, असं तुम्ही-आम्ही म्हणू. त्रिवेणीला ते मुळीच पटायचं नाही. बेगमपेटमधल्या एका सात मजली ऑफिसच्या इमारतीत, तळघरात बसून ती नऊ वर्षं एसीचे फिल्टर धुतेय, आणि धूळ नीट बघितल्याशिवाय तिनं एकही फिल्टर नळाखाली धरलेला नाही. फिल्टर म्हणजे अॅल्युमिनियमची हातभर चौकट, आत घड्या घातलेलं पांढरं जाड कापड आणि त्यावर जाळी. मजल्यावर फिरणारी सगळी हवा त्यातून गाळली जायची. प्रत्येक मजल्यावर एक मशीनची खोली, खोलीत सहा फिल्टर. दिवसाआड एका मजल्याचे सहा तिच्या पुढ्यात यायचे.

अंबरपेठेतल्या शेजारणी विचारायच्या, ऑफिसात काय काम असतं गं तुला? ती सांगायची, हवा धुते. बाया हसायच्या, पण तिला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. तिचे आजोबा देगलूरकडून निजामाच्या काळात इकडे आले, घरात अजून मराठी, गल्लीत तेलुगू आणि बाजारात दखनी. चौकसपणा मात्र कुठून आला कुणास ठाऊक. तळमजल्याच्या फिल्टरवर तपकिरी माती, कारण लोक ती चपलांबरोबर आणतात. दुसऱ्यावर गालिचे आहेत, तिथून करडी लव. आणि पाचवा मजला बरोबर फ्लायओव्हरच्या तोंडाशी. तिथल्या फिल्टरचं पहिलं पाणी काळं कुळकुळीत निघायचं. आता असल्या माहितीचा उपयोग काय, तर काही नाही. तिला ती असावीशी वाटायची, एवढंच.

म्हणून यंदा उन्हाळ्यात पाचव्याचं पहिलं पाणी फिक्या चहासारखं निघालं, तेव्हा ती बुचकळ्यात पडली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, बरं झालं, मेहनत वाचली. त्रिवेणीचा जीव मात्र काही थाऱ्यावर राहिना.

"काका, पाचव्यावर फॅन बंद असतो का?" तिनं नामदेवरावांना विचारलं.

नामदेवराव म्हणजे मशीन चालवणारे ऑपरेटर. अठ्ठावन्न वर्षांचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. तळघरात या दोघांचीच मराठी चालायची. फिल्टर काढून खाली आणणं आणि धुतलेले परत बसवणं हे काम त्यांचं. शिवाय प्रत्येक मशीनवर एक मीटर असतं. फिल्टर स्वच्छ असला की काटा पाचवर, धूळ साचली की हवा ओढायला जोर लागतो आणि काटा चढत दहापर्यंत जातो. तो आकडा रोज रजिस्टरात लिहायचा.

"बंद कायकू राहील? मस्त चालू आहे," ते म्हणाले. "पण तुला सांगतो, तिथला काटाच हलत नाही. पाच म्हणजे पाच. मीटर बिघडलं म्हणून चौथ्याचं लावून पाहिलं, तरी पाच."

दोघं जण थोडा वेळ विचार करत बसले आणि आपापल्या कामाला लागले. तिथंच राहिलं असतं सगळं. पण त्याच आठवड्यात अश्विनी मॅडम रजिस्टर घेऊन तळघरात उतरल्या.

या मॅडम पुण्याच्या. इमारतीची देखभाल तीन महिन्यांपासून त्यांच्याकडे होती. बाई वाईट नव्हती, पण कागदावर तिचा फार विश्वास आणि माणसांवर जरा बेताचाच. पाचव्या मजल्यावरच्या कंपनीनं तक्रार केली होती. छतात हवेच्या जाळ्या आहेत त्यांच्या कडेनं काजळी धरलेली, टेबलं पुसली की तासाभरात पुन्हा धूळ, आणि चार जण तर खोकल्यानं रजेवर.

"काका, हे बघा. तेवीस दिवस एकच आकडा. मीटर चांगलं आहे असं तुम्हीच म्हणता. मग वर न जाताच लिहिता का हे?"

"रोज जातो मॅडम. काटा तिथंच असतो, त्याला मी काय करू?"

"छत काळं पडलंय आणि तुमचा फिल्टर तेवीस दिवस नवाकोरा. शुक्रवारपर्यंत मला लेखी द्या. नाहीतर वर कळवावं लागेल."

नामदेवरावांनी उगाच पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. चोवीस वर्षं त्या माणसानं मीटरं वाचली होती, तापात, लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेलं. आणि आता घरी जायचं ते खोटारडा म्हणून. त्रिवेणीला ते बघवेना.

तिनं मनाशी जुळवून पाहिलं. काटा हलत नाही आणि फिल्टर मळत नाही, म्हणजे काका खरं बोलताहेत. छत मात्र काळं. धूळ वरपर्यंत पोचतेय आणि फिल्टरवर बसत नाहीये. मग ती जाते कुठून?

"काका, मला वर न्या. मशीन चालू असताना बघायचंय."

ऐका, गंमत म्हणजे नऊ वर्षं धुतलेले ते फिल्टर तिनं कधी काम करताना पाहिलेच नव्हते. कुणी दाखवले नव्हते आणि तिला वर जायचं कारणही पडलं नव्हतं. नामदेवरावांनी पाचव्यावरच्या खोलीचं दार ओढलं, तर दार निघेना. आतला पंखा इतका जोरात हवा खेचत होता की दोघांना मिळून ओढावं लागलं. आत गेल्यावर साडीचा पदर आपोआप पुढं उडाला. समोर सहा फिल्टर, तीन वर, तीन खाली, लोखंडी खाचेत बसवलेले.

"उदबत्ती लावून बघू? धूर कुठं जातो ते कळेल."

"नक्को गं बाई. अलार्म वाजला तर सात मजले रस्त्यावर येतील."

मग तिनं पदराचा एक सुटा धागा ओढून काढला आणि फिल्टरच्या मध्यावर धरला. धागा थोडासा कलला. वरच्या कडेला नेला, तरी तसाच. खालच्या डाव्या कोपऱ्याशी नेला मात्र, धागा बोटांतून हिसकला गेला आणि कोपऱ्याआड नाहीसा झाला.

तिनं वाकून बघितलं. चौकटीचा कोपरा आत दबला होता, खाच आणि तो यांच्यामध्ये अंगठा जाईल एवढी फट. हवेला काय, जिथून सोपं तिथून ती जाणार. कापडातून कशाला जाईल? धुळीसकट ती फटीतून पुढं जात होती. म्हणून कापड स्वच्छ, काटा पाचवर आणि छत काळं. बाकीच्या पाची फिल्टरना तिनं धागा लावून पाहिला. सगळ्यांचा तोच कोपरा.

नामदेवरावांचा चेहरा खुलला. "सापडलं बघ. चौकटी जुन्या झाल्या. आता काय ते लिहितो, सुटलो बुवा."

त्रिवेणीचा हात मात्र अजून त्या कोपऱ्यावर होता. फिल्टर धुऊन झाला की ती तो तिरपा धरायची आणि टाकीच्या सिमेंटच्या कडेवर आपटायची, शेवटचा कण पडेपर्यंत. उजव्या हातानं वरची कड धरली की खालचा डावा कोपराच आपटणार. तळमजल्याचे दोनदा, दुसऱ्याचे तीनदा. पाचव्याचे सगळ्यात मळके, म्हणून पंधरा-वीसदा. दर वेळी थोडा थोडा दबत यंदा त्यांचा कोपरा खाचेतून सुटला होता. त्याच आपटण्यावर तर सगळे म्हणायचे, त्रिवेणीनं धुतलेला फिल्टर नव्यासारखा दिसतो. तिचा तो अभिमान होता. जितकी ती जीव तोडून झटली, तितकी धूळ वरच्या माणसांच्या छातीत गेली.

तिनं त्या वेळी सांगितलं नाही, हे मी लपवत नाही. कंत्राटावरची बाई ती, एका फोनवर घरी बसली असती. आणि काका सुटत होते, मग बोलायची गरजच काय, असं तिनं स्वतःला समजावलं. दोन रात्री समजावलं.

शुक्रवारी अश्विनी मॅडम पाचव्यावर आल्या, फट बघितली, एक फिल्टर काढून हातात घेतला. हुशार बाई. लगेच म्हणाल्या, "जुन्या झाल्या म्हणता, पण चौथ्याच्याही यांच्याबरोबरच घेतलेल्या आहेत आणि त्या सरळ आहेत. या दाबल्या गेल्यात. बसत नव्हत्या म्हणून ठोकून बसवल्या असणार. बसवतं कोण?"

"मीच," नामदेवराव म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. आपल्या हातून कधीतरी तसं झालंही असेल, असं त्या भल्या माणसाला खरोखर वाटायला लागलं होतं.

"त्यांनी नाही ठोकले मॅडम," त्रिवेणी म्हणाली. तिनं तो फिल्टर घेतला, खाली तळघरात आपटायची तसा तिरपा धरला, आणि दबलेला कोपरा जमिनीला टेकवून दाखवला. "असा आपटते मी. नऊ वर्षं. काकांनी रजिस्टरात लिहिलेला एकेक आकडा खरा आहे."

मॅडमनी फिल्टर परत आपल्या हातात घेतला.

"आपटायचं नसतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही मॅडम. फिल्टर वर कसा बसतो हेच परवा पाहिलं."

मॅडमनी त्या दबलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग नामदेवरावांकडे वळून म्हणाल्या, "काका, माझं चुकलं. लेखी काही नको." त्रिवेणीला मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि तो शनिवार-रविवार तिनं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत.

मंगळवारी पाचव्यावर नव्या चौकटी लागल्या, कडेनं रबरी पट्टी लावून. त्रिवेणीचं काम राहिलं. मॅडमनी एकच सांगितलं, पाणी मागच्या बाजूनं सोडायचं, सावलीत वाळवायचं, आपटायचं नाही.

पंधरा दिवसांनी ते सहा फिल्टर खाली आले, काळेभोर. ते आणून नामदेवराव तिथंच उभे राहिले. त्रिवेणीनं पहिला फिल्टर मागच्या बाजूनं धुतला, पाणी निथळू दिलं, उजेडाकडे धरला. घड्यांच्या तळाशी करडी रेघ राहिली होती. हात आपोआप वर गेला. नऊ वर्षांची सवय ती, खांद्यापासून बोटांपर्यंत भरलेली. तिनं हात तसाच वर धरून ठेवला, मग हळूच खाली आणला आणि फिल्टर सावलीत उभा केला. रेघ तशीच होती. तिनं ती राहू दिली.