गुलालात माखलेला जवान

माझा धाकटा भाऊ सैन्यातून निवृत्त होऊन पाटणजवळच्या आमच्या गावी परत येणार होता. आमच्याकडे जवान असा परतला की स्टँडपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक निघते. चुलत भावांनी जीप ठरवली, हलगीवाले सांगितले. मी सांगलीला असते, शाळेत चित्रकला शिकवते. मला वाटलं, आपण त्याला बाजारात मिळणार नाही असं काहीतरी द्यावं. म्हणून करंगळीएवढा, सलाम ठोकणारा एक कोरा प्लॅस्टिकचा सैनिक मागवला आणि त्याला भावाचं रूप द्यायचं ठरवलं.

मिशा सहज जमल्या. पाइपाची गळती बुजवायची पुट्टी मिळते ना, तिचा कण सुईच्या टोकानं ओढून ओठावर बसवला. गणवेशही झाला. घोडं अडलं ते चेहऱ्यावर. भाऊ बरीच वर्षं राजस्थानच्या वाळूत काढून आलेला. गाल उन्हानं तांब्यासारखे झालेले आणि हनुवटीखाली मात्र मूळचा गव्हाळ रंग. वाटाण्याएवढ्या तोंडावर तांब्यातून गव्हाळात कसं उतरायचं?

जलरंगाचा मला सराव होता. त्यात ओल्या कागदावर रंग टेकवला की तो आपला आपण पसरतो. प्लॅस्टिकवर लागतं ते अ‍ॅक्रिलिक, आणि ते तसं ऐकत नाही. कुंचला वळेपर्यंत वाळतं आणि दोन रंगांच्या मधे बांध घातल्यासारखी रेघ उठते. त्यात सांगलीचा एप्रिल. नवऱ्यानं चष्मा लावून माझं काम पाहिलं आणि म्हणाला, "अगं, हा मेव्हणा आहे का झेब्रा?"

मी तो चेहरा पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. तो बिघडला, तोही पुसला. मग व्हिडिओ पाहून पाहून एक गोष्ट कळली, की दाट रंग लावून मिसळत बसण्यात अर्थ नाही. रंग दुधासारखा पातळ करायचा, इतका की लावलाय की नाही अशी शंका यावी. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर किंचित गडद रंगाचा दुसरा हात, मागच्यापेक्षा थोडा आत सरकवून. कडेला नुसता ओलसर कुंचला फिरवला की रेघ विरते. रंग वाळू नयेत म्हणून जेवणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर अंथरला आणि त्यावरच रंग कालवले. पंखा बंद. नवरा बिचारा बनियनवर बसून वर्तमानपत्रानं वारा घ्यायचा आणि दर थोड्या वेळानं विचारायचा, "वाळला का गं तुझा भाऊ?"

एके दिवशी सकाळी खिडकीत धरून पाहिलं तर रेघ कुठे दिसेना. गाल कुठे संपला आणि हनुवटी कुठे सुरू झाली, माझं मलाच सांगता येईना. मी इतक्या जोरात ओरडले की नवरा दाढीचा फेस तसाच घेऊन बाहेर आला.

गावी निघायच्या दिवशी मात्र मी नको ते केलं. प्रवासात रंग खरवडेल या भीतीनं वरून वॉर्निशचा चांगला जाड हात मारला आणि घाईत सैनिक न वाळवताच डब्यात बंद केला. स्टँडवर भाऊ जीपमध्ये चढला तेव्हा मी डबा उघडून त्याच्या हातात दिला. त्यानं सैनिक डोळ्यांजवळ नेला.

"ताई, ह्यो मी हाय व्हय?"

"मग कोण?"

"लय भारी गं! मिशा तर बग!" असं म्हणून त्यानं तो उंच धरला, सगळ्या गर्दीला दाखवायला. नेमकी त्याच वेळी हलगी कडाडली आणि पोरांनी गुलालाची परात उधळली.

धुरळा खाली बसला तेव्हा भाऊ नखशिखांत गुलाबी झाला होता आणि त्याच्या हातातला सैनिकही. भावाचा गुलाल झटकून निघाला. सैनिकाचा निघेना, कारण वॉर्निश चिकटच होतं. मी रुमालानं पुसायला गेले तर गुलाल आणखी आत बसला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या दिवसांची ती हनुवटी!

घरी मी आईला म्हणाले, "सांगलीला नेते, सगळं काढून परत रंगवते."

आईनं सैनिक माझ्या हातातून काढून घेतला. "कशाला गं? पोरगं गुलालात न्हालंय, मग बाव्हलं कोरं कसं ऱ्हाईल?"

भावानंही तो द्यायला साफ नकार दिला. "आता कुटं माझ्यावानी दिसाय लागलंय," म्हणाला, आणि टीव्हीवर नेऊन ठेवला. मी रुसून बसले होते खरी, पण पुरणपोळी खाताना तिकडे पाहिलं आणि हसू फुटलं. सलाम ठोकणारा, कडक मिशांचा, गुलाबी जवान.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आळीतले एक निवृत्त सुभेदार आले. सैनिक चष्म्याजवळ धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. "आवं बाई, मला बी असाच एक करून द्या. पर गुलालासकट बरं का."

झालं, सांगलीला परतून मी पुन्हा डबा, स्पंज आणि बटर पेपर घेऊन बसले. खरा गुलाल रंगवलेल्या कातडीवर नुसती पावडर फासल्यासारखा दिसतो, म्हणून तो रंगानंच आणायचा. कपाळावर भडक, गालावर उडालेला, मानेजवळ जेमतेम लाली. हे तांब्या-गव्हाळापेक्षा अवघड निघालं. गुलाबी जरा जास्त झाला की सुभेदारसाहेब लाजल्यासारखे दिसतात.

चेहरा जमल्यावर त्यांना फोन केला. "टोपी काढलेली हवी म्हणालात, तर केस किती दाखवू?"

 आवाज खाली आणून ते म्हणाले, "आता हायेत तेवढं नगा. भरती झालो तवा हुतं तेवढं दावा."