सिरका, टेबल आणि रोवण्याच्या बाया

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करणाऱ्या गाडीवर मी बरीच वर्षं नर्स होते. लोकांना वाटतं, असल्या कामात माणूस गंभीर होत असेल. छे! आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या बाया तुम्हाला गंभीर राहू देतील तर ना! डॉक्टर मॅडम, ड्रायव्हर अशोकभैया आणि मी, गाव कुठलंही असो, परतताना गाडीत एक तरी नवा किस्सा असायचाच.

*

एका गावात शिबिराची दवंडी द्यायची होती. 'गर्भाशय' हा शब्द चौकात ओरडायची कोतवालाला लाज वाटली. त्याने ठोकून दिलं, "बायांच्या डोऱ्याची तपासनी हाय होऽऽ!"

सकाळी शाळेसमोर म्हाताऱ्यांची ही रांग! आम्हाला काय माहीत? पहिल्या आजीला मी टेबलावर निजवलं आणि म्हटलं, "आजी, लुगडं जरा वर घ्या."

आजी निमूट निजल्या होत्या. त्यांनी मान उचलून स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. "बाई, माहे डोरे इकडं हायेत वो!"

*

या तपासणीला सिरका लागतो, म्हणजे व्हिनेगर, पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड. तो लावला की आतली बिघडलेली जागा पांढरी दिसते. एकदा तो संपला. मॅडमनी अशोकभैयाला हायवेवरच्या कोहमाऱ्याला पिटाळलं.

भैया तासाभरात हजर! हातात ढाब्यावरची बाटली, तिच्यात हिरव्या मिरच्या तरंगत होत्या.

"मॅडम, ढाबेवाला बोला, एकदम फ्रेश है!"

शिबिर दुसऱ्या दिवसावर ढकललं. मिरच्या आम्ही जेवताना खाल्ल्या.

*

मॅडम बायांना समजावत होत्या, "हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो संबंधातून येतो. बहुतेकींचं शरीर त्याला आपोआप हाकलून देतं. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, आणि मग धोका."

मागून एक खणखणीत आवाज आला, "संबंधातून म्हंजे नवऱ्याकडूनबी येते ना?"

"हो, येऊ शकतो."

"मंग टेबलावर आमाले काऊन? त्यालेच निजवा ना!"

मॅडम त्यानंतर पाच मिनिटं नुसत्या पाणी पीत होत्या.

*

एक गुरुजी मात्र तणतणत आले. बायकोच्या रिपोर्टमध्ये एचपीव्ही निघाला होता. "आमच्या घरात असले प्रकार नाहीत!" मॅडम शांतपणे सांगत होत्या, की हा कधी आला, कुणाकडून आला, ते कळत नाही आणि विचारायचंही नसतं. गुरुजी ऐकेनात.

शेवटी बायकोच बोलली, "शाळेत पोरायले सर्दी होते, तवा चारित्र्य विचारता काय?"

गुरुजींनी पुढची तारीख स्वतः विचारून घेतली.

*

आणि पर्बता. गोरेगावजवळच्या गावची, चाळिशीची. तिचा रिपोर्ट खराब आला. सिरका लावल्यावर डागही स्पष्ट दिसला. कॅन्सर नव्हता अजून, पण वेळेत ती जागा मशीनने गोठवून नष्ट केली नाही तर होण्याची भीती होती. काम फार तर अर्ध्या तासाचं. ही मशीन गोरेगावच्या दवाखान्यात यायची तेव्हा आम्ही तिला बोलवायचो, आणि पर्बता काही यायची नाही. मला राग यायचा, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटायची.

शेवटी मशीन आली त्या दिवशी गाडी घेऊन मीच तिच्या गावी गेले. रोवणा चालू होता. बाया चिखलात ओळीने वाकून भाताचे परे, म्हणजे रोपं, लावत होत्या. आमच्याकडे रोवण्याच्या बायांची टोळी असते. एकदा टोळी बांधली की मधूनच एकीने उठून जायचं नाही, असा रिवाज. मी पर्बताला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोलावून हळूच विचारलं.

"मी गेली तर माही ओळ कोन लावल?" ती म्हणाली.

टोळीची म्होरकी भागरथाबाई चिखलातूनच ओरडली, "काय कुजबुजून राहिल्या वो?"

 दुसऱ्याचा आजार मी कसा सांगणार? पर्बताने खाली बघत स्वतःच सांगून टाकलं.

 भागरथाबाईने हातातली पऱ्यांची पेंडी तिथेच चिखलात टाकली. "चला वो! टोळीतून एक जात नसते, साऱ्याच जातेत."

गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन सगळ्या जणी आमच्या गाडीत! अशोकभैया म्हणाला, "सिस्टर, सीट गई." पण दारं त्यानेच उघडली.

गोरेगावच्या दवाखान्यात पर्बता मशीनवाल्या डॉक्टरांकडे आत गेली. बाकीच्या बाहेर बसून होत्या, तर मॅडमनी एकेकीची तपासणीच सुरू केली. तेवढ्यात शेतमालक मोटारसायकलवर आला, लालबुंद!

"एकीसाठी साऱ्या जनी? रोवणा कोन करल?"

भागरथाबाई जागची हलली नाही. "मालक, मालकीनबाईची तपासनी झाली काय?"

 मालकाने मोटारसायकल वळवली आणि तो निघून गेला.

पर्बता बाहेर आली. "झालं," म्हणाली आणि भागरथाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आम्हीही रडलो.

थोड्या वेळाने मोटारसायकल परत आली. मागच्या सीटवर पदर डोक्यावर ओढून मालकीण बसली होती.

भागरथाबाईने बाकावर सरकून तिला जागा दिली.

"या मालकीनबाई, बसा. पर नंबर आमच्या मागं."