सहा महिन्यांची जागा

कॉलेजच्या वेबसाइटचं एकूण एक पान ताईंच्या हातचं. नवं पान घाला, जुनं काढा, साहेबांचा फोटो बदला. सगळा कारभार जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीतून. राजीनामा दिला की साहेबांचं उत्तर ठरलेलं: “जाल हो! आधी तुमच्या जागी माणूस तर मिळू दे.”

या खेपेला मात्र ते म्हणाले, “टाका बरं जाहिरातीचं पान.”

ताईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. नवं पान मुळापासून कोण करत बसतं? नेहमीसारखी त्यांनी या जागेच्या जुन्या जाहिरातीच्या पानाची नक्कल काढली आणि वाचता वाचता थबकल्या. हीच जाहिरात वाचून त्या इथे आल्या होत्या. ‘तात्पुरती नेमणूक, फक्त सहा महिने.’ तेव्हा लेक पाळण्यात होती. आता ती याच कॉलेजात शिकत होती.

ताईंनी ती ओळ पुसली आणि पान साहेबांना दाखवलं.

“सहा महिने कुठे गेले?”

“साहेब, ते खरं नाही.”

“अहो, म्हणून तर लिहायचं! नाहीतर येईल कोण?”

खोलीत परतून ताईंनी ओळ पुन्हा लिहिली. आता ‘प्रकाशित करा’ एवढं दाबलं की सुटका. पण एका हाताने पाळणा हलवत हे वाचणारी कुणी पोरगी डोळ्यांपुढून हलेना.

ताईंनी पान मसुद्यातच ठेवलं, कुणालाही न दिसणारं. मग साहेबांचा फोटो बदलायला घेतला.