चलनाचा रकाना

वृद्धाश्रमाची वेबसाइट आमच्या कोथरूडच्या ऑफिसात बनत होती, तेव्हाच मी साहेबांना म्हटलं होतं की डेटाबेसमध्ये नुसता रकमेचा रकाना पुरणार नाही, शेजारी चलनाचाही हवा. निम्म्या रहिवाशांची मुलं परदेशातून पैसे भरणार. साहेब म्हणाले, "मॅडम, पुण्यात रुपया चालतो. डॉलर देऊन मंडईतून मेथीची जुडी आणून दाखवा, मग बघू." सगळे फिदीफिदी हसले. रकाना राहिला तो राहिलाच.

माझी मावशी त्याच वृद्धाश्रमात राहते. तिचा मुलगा अमेरिकेत. त्यानं नव्या वेबसाइटवरून सहाशे डॉलर भरले. बँकेत पैसे नीट पोचले, पण आमच्या डेटाबेसनं नुसता आकडा ठेवला, सहाशे. बिल रुपयांत. झालं, मावशीच्या मोबाइलवर मेसेज गेला: मुलाकडून जमा सहाशे रुपये, उरलेली बाकी भरा, अन्यथा खोली रिकामी करावी लागेल.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. मुलाला तर नाहीच. जन्मभर शाळेत मान ताठ ठेवून शिकवलेली बाई ती. लक्ष्मी रोडला जाऊन पाटल्या मोडल्या आणि बाकी भरून आली. मी भेटायला गेले तेव्हा तिचे मोकळे हात दिसले आणि मी तो मेसेज मागून घेऊन वाचला.

ऑफिसात जाऊन मी तणतणले. साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. कसला पुढचा आठवडा! त्यांच्या नाकावर टिच्चून मी तो रकाना घातला आणि मावशीची नोंद दुरुस्त केली. बाकीच्यांचे कुठले आकडे डॉलरचे होते नि कुठले रुपयांचे, देव जाणे. त्या म्हाताऱ्यांच्या घरी काय झालं असेल, हा विचार अजून झोपू देत नाही.

मग वृद्धाश्रमात जाऊन मावशीपुढे मोबाइल धरला. "मावशी, हे बघ, डॉलर होते गं. त्यानं सगळे पैसे पाठवले होते."

तिनं चष्मा लावला. "हे तुम्हीच बनवलंय ना?"

"हो."

"परवा रुपये होते. आज डॉलर झाले. तूच बदललंस."

"अगं, चूक होती म्हणून बदललं."

"पुरे. लहानपणापासून पाठीशी घालतेस त्याला."

मी रडकुंडीला आले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्याचाच होता. म्हटलं, "उचल गं, पाया पडते तुझ्या."

तिनं फोन पालथा ठेवला. मोकळ्या मनगटावरून हात फिरवत म्हणाली, "सहाशे रुपयांत किती बोलणार तो?"